क्रोमाइटचे दोन दुर्गम साठे: थर की शेंगा?

दुर्गम भागातल्या क्रोमाइटच्या, म्हणजे ज्यातून क्रोमियम मिळतं त्या खनिजाच्या, साठ्यावर काम करायचं म्हटलं की आधी प्रत विचारली जाते. क्रोमिक ऑक्साइड किती टक्के? मी आधी दुसरंच विचारेन. एका बोअरमध्ये लागलेलं खनिज पुढे किती अंतरापर्यंत खात्रीने धरता येईल? ड्रिलिंगचं यंत्र हेलिकॉप्टरने न्यावं लागतं तिथे सगळा हिशेब यावरच ठरतो.

तुलनेला दोन जागा घेऊ. कॅनडात ऑन्टारिओच्या उत्तरेला, जेम्स बेच्या दलदलीत 'रिंग ऑफ फायर' हा पट्टा आहे. ब्लॅक थॉर आणि बिग डॅडी हे तिथले साठे. दुसरी जागा रशियाच्या ध्रुवीय उरलमधला राय-इझ हा डोंगर.

ऑन्टारिओतला साठा थरांचा. सुमारे २७३ कोटी वर्षांपूर्वी मॅग्नेशियमने भरलेला अतितप्त शिलारस जुन्या खडकांत घुसला आणि त्यातून क्रोमाइट तळाशी साचत गेलं. अशा शिलारसात क्रोमियम हजारात दोन-तीन भाग, मग कित्येक मीटर जाडीचा थर झाला कसा? जागच्या जागी थिजलेल्या रसातून एवढं क्रोमियम निघणं शक्य नाही, म्हणजे नवा रस बराच काळ तिथून वाहत राहिला असणार. वाटेतले लोहयुक्त खडक त्याने गिळले आणि त्यातल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजाचंच क्रोमाइट झालं, असंही एक मत आहे. मला ते पटण्याजोगं वाटतं, पण वाद मिटलेला नाही.

पुढे भूहालचालींनी हे थर जवळजवळ उभे केले. त्यामुळे बोअर तिरके घ्यावे लागतात. मात्र एकदा थर सापडला की तो लांबवर साथ देतो. अडचण एवढीच की खडक दिसतच नाही. वर पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, त्याखाली हिमनद्यांनी आणलेला गाळ, काही ठिकाणी चुनखडकही. भरवसा ठेवायचा तो विमानातून केलेल्या चुंबकीय आणि गुरुत्वीय मापनांवर. त्यात चुंबकीय नकाशा फसवा, कारण पाण्यामुळे खडकातल्या खनिजांचं सर्पेंटाइन होताना मॅग्नेटाइट तयार होतं आणि क्रोमाइट नसतानाही आलेख उसळतो. गुरुत्व जास्त खरं बोलतं: क्रोमाइटची घनता साडेचारच्या आसपास, सर्पेंटिनाइट या सर्पेंटाइनच्या खडकाची पावणेतीनच्याही आत.

राय-इझची गोष्ट निराळी. हा महासागराखालच्या प्रावरणाचा वर ढकलला गेलेला तुकडा. तिथे वर चढणाऱ्या रसाने हार्झबर्गाइट या प्रावरणातल्या खडकामधलं पायरॉक्सिन हे खनिज विरघळवलं, मागे ड्युनाइट हा खडक उरला आणि त्याच्या पोटात क्रोमाइटच्या शेंगा जमल्या. शेंग कधी काही मीटरची, कधी शेकडो मीटरची, शिवाय भ्रंशांनी तोडलेली. भरगच्च बोअरच्या शेजारचा बोअर कोरा निघू शकतो.

पण इथे खडक उघडा आहे. हार्झबर्गाइटवर हात फिरवला तर पायरॉक्सिनचे खडे टोचतात, ड्युनाइट गुळगुळीत, पिवळसर-तपकिरी. आधी ड्युनाइटचा नकाशा करा, मगच ड्रिल. नमुना हातात घेतलात की वजन जाणवतं. खरबरीत चिनीमातीवर घासा, रेघ तपकिरी उमटते. मॅग्नेटाइटची काळी. बिबट्याच्या कातडीसारखे ठिपके दिसले तर ते बहुधा शेंगांच्याच साठ्याचं लक्षण.

क्रोमियम आणि लोहाचं प्रमाण शेंगांमध्ये बहुधा अडीच-तीनच्या वर जातं, तर ऑन्टारिओत ते दोनच्या आसपास. फेरोक्रोम, म्हणजे पोलादासाठी लागणारा लोह-क्रोमियमचा मिश्रधातू, करणाऱ्याला हा फरक पैशात दिसतो. राय-इझच्या क्रोमाइटमध्ये सूक्ष्म हिरेही सापडलेत. खाणीला त्यांचा उपयोग शून्य, पण संशोधकाला तेवढं कारण पुरे.

हाताशी एक-दोन उन्हाळे आणि हातोडा असेल तर मी राय-इझ निवडेन. ड्रिलिंगचा पैसा आणि धीर धरायला बरीच वर्षं असतील तर ऑन्टारिओ. तिथे बारमाही रस्ता करायचा तर तो मार्टेन फॉल्स आणि वेबेक्वी या मूळ रहिवासी समाजांच्या भूमीतून, पीटवरून न्यावा लागतो. राय-इझच्या पायथ्याशी खार्प या गावाला रेल्वे आहे.