साठ मॅचेसचा बेसबॉल, दीड जीबीचा पॅक आणि पहाटे साडेचारची लाइन

एमएलबी डॉट टीव्ही ही अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलची स्वतःची ऑनलाइन सेवा. कोरोनामुळे २०२० चा मोसम १६२ ऐवजी ६० मॅचेसचा झाला आणि वर्गणीही नेहमीपेक्षा उतरली. शाळेत सॉफ्टबॉल खेळलेली, ग्रेस गुणांसाठी का होईना पण बेसबॉलचे नियम पाठ झालेली मंडळी विदर्भातल्या खेड्यापाड्यांत बरीच आहेत. त्या वर्षी आपली मैदानं बंद, तालुक्याच्या स्पर्धा बंद होत्या. मग २०२० च्या मोसमासाठी ही सेवा घ्यावी का, हा प्रश्न होता. थोडक्यात सांगायचं तर व्हिडिओसाठी घाई करू नका, ऑडिओ मात्र डोळे मिटून घ्या. का, ते खाली.

आधी वेळेचं गणित. उन्हाळी वेळ सुरू असल्याने न्यूयॉर्क-बोस्टनकडच्या वेळेत साडेनऊ तास मिळवले की आपली वेळ निघते. शिकागोकडे साडेदहा, लॉस एंजेलिस-सिएटलकडे साडेबारा. म्हणजे तिकडची संध्याकाळी ७:०५ ची मॅच इथे पहाटे ४:३५ ला, आणि तारीख पुढची. शुक्रवारची मॅच म्हणून शुक्रवारी पहाटे उठून बसाल तर गुरुवारची सुरू असेल. बातम्यांमध्ये वेळ बहुतेक पूर्व किनाऱ्याची देतात, मॅच सिएटलला असली तरी. तेव्हा कुठली वेळ लिहिली आहे ते आधी पाहा, मग बेरीज करा.

खरी गोम डेटाची आहे. ॲपमध्ये चित्राचा दर्जा ‘ऑटो’वर असतो. पहाटे टॉवरवर गर्दी नसते, रेंज फुल असते, आणि ॲप त्याचा फायदा घेऊन चित्र वर चढवतं. ३ एमबीपीएसने चित्र आलं तर तासाला सुमारे १.३५ जीबी जातो. रोजच्या दीड जीबीचा पॅक असेल तर चौथ्या इनिंगलाच मामला खलास. त्यानंतर बहुतेक पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्यात चित्र तर सोडाच, आवाजही अडखळतो. वर त्याच मोबाइलवर सकाळी पोरांची ऑनलाइन शाळा भरणार असेल तर घरात जे होईल ते सांगायला नको. दर्जा हाताने खाली आणून १.५ एमबीपीएसच्या आसपास ठेवला तर तासाला ६७५ एमबी, तीन तासांना दोन जीबी. तरीही दीड जीबीत बसत नाही. आणि २०२० मध्ये बेसबॉलच्या मॅचेस तीन तासांत आटोपतही नव्हत्या.

एक पळवाट आहे. तिकडची दुपारी १:०५ ची मॅच आपल्याकडे रात्री १०:३५ ला लागते. बहुतेक कंपन्यांचा रोजचा कोटा मध्यरात्रीच्या सुमारास नव्याने भरतो. बारापर्यंतच्या ८५ मिनिटांत साधारण ९५० एमबी आजच्या खात्यातून आणि उरलेली मॅच उद्याच्या खात्यातून. रोज दीड जीबीवाल्याला पूर्ण मॅच चित्रासकट दिसते ती हीच, अट एवढीच की संध्याकाळी बाकी काही पाहायचं नाही. शनिवार-रविवारी अशा दुपारच्या मॅचेस जास्त असतात.

लाइन गेली तर? मोबाइल चार्ज असून उपयोग नाही. पावसाळ्यात वीज कडाडली की फीडर बंद होतो, आणि बऱ्याच गावांत टॉवरची बॅटरी थोड्या वेळात मान टाकते. मग फोर-जी जाऊन टू-जी उरतं. अशा वेळी कामाला येतं ते ‘गेमडे’ हे पान, आणि ते फुकट आहे. प्रत्येक चेंडू कुठे पडला, किती वेगाचा होता, बेसवर (धाव पूर्ण करताना गाठायच्या ठाण्यावर) कोण आहे, सगळं आकृतीत दिसतं. डेटा अगदी नावालाच लागतो. मॅच संपल्यावर यूट्यूबवर दहाएक मिनिटांचा सारांश येतो, तोही फुकट. ३६०पी वर पाहिला तर सुमारे ५० एमबीत काम होतं.

आता ऑडिओ. त्याची वर्गणी वेगळी मिळते आणि व्हिडिओच्या मानाने बरीच स्वस्त आहे. ६४ केबीपीएसच्या आवाजाला तासाला २९ एमबी, पूर्ण मॅचला नव्वद-शंभर एमबी. कोठ्यात शेण काढताना, डवऱ्यामागे चालताना एका कानात इअरफोन पुरतो. बेसबॉलचा वेगही रेडिओला मानवतो. २०२० मध्ये दोन चेंडूंमध्ये वीस-पंचवीस सेकंद असत, तेवढ्यात निवेदक मैदान उभं करायचा. ऐकायचं असेल तर पश्चिम किनाऱ्यावरचा संघ निवडा. सॅन डिएगो, सिएटल यांच्या संध्याकाळी ६:४० च्या घरच्या मॅचेस आपल्याकडे सकाळी ७:१० ला लागतात. अलार्म नको, झोपमोड नको.

ॲप प्रत्येक मॅचला दोन ऑडिओ देतं, यजमानाचा आणि पाहुण्याचा. २०२० मध्ये नेहमी घरचा घेणंच बरं होतं. प्रवास टाळण्यासाठी पाहुण्या संघाचे निवेदक दौऱ्यावर जात नव्हते, आपल्याच शहरात पडद्याकडे पाहून बोलत होते. उंच उडालेला चेंडू कुंपणापार गेला की झेलला गेला, हे कॅमेरा वळेपर्यंत त्यांनाही कळत नव्हतं. फरक लगेच कानाला जाणवायचा. मात्र रद्द झालेल्या मॅचेस भरून काढताना एखादा संघ दुसऱ्याच्या मैदानावर यजमान म्हणून उतरायचा. तेव्हा नावावर न जाता मैदान कुणाचं आहे ते पाहावं लागायचं. टोरांटोला तर कॅनडा सरकारने परवानगी नाकारल्यामुळे घरच्या मॅचेस अमेरिकेतल्या बफेलोला खेळाव्या लागल्या. मैदानात प्रेक्षक नव्हते, म्हणून त्यांचा गलका रेकॉर्ड केलेला होता, एका व्हिडिओ गेममधून उचललेला. खुर्च्यांवर पुठ्ठ्याची माणसं. ऐकताना ते टोचत नव्हतं, पाहताना टोचायचं. ऑडिओच्या बाजूने हाही एक मुद्दा.

वेळापत्रकावर मात्र विसंबता येत नव्हतं. २३ जुलै २०२० ला वॉशिंग्टनला झालेली पहिलीच मॅच पावसाने सहाव्या इनिंगमध्ये गुंडाळली, पाहुणे न्यूयॉर्क यांकीज ४-१ ने जिंकले. पाठोपाठ मायामी मार्लिन्सच्या संघात कोरोना पसरला आणि त्यांच्यासोबत इतर संघांच्याही तारखा कोलमडल्या. म्हणून त्या मोसमात एकाच दिवशी दोन मॅचेस असल्या तर दोन्ही नेहमीच्या नऊऐवजी सात-सात इनिंगच्या झाल्या. साखळी मॅचमध्ये ठरलेल्या इनिंगनंतर बरोबरी असेल तर पुढची प्रत्येक इनिंग दुसऱ्या बेसवर धावपटू ठेवूनच सुरू होते. आधीच्या इनिंगमध्ये शेवटी बॅटिंगचा नंबर ज्याचा होता तोच सहसा तिथे उभा राहतो, आणि त्याची धाव पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) खात्यात ‘अर्न्ड’, म्हणजे त्याच्या चुकीने दिलेली, म्हणून धरत नाहीत. जुन्या रसिकांना हे पचत नाही. साडेआठला शेतावर निघायचं असलेल्या माणसाला पचतं.

मग त्या कापून-छाटून उरलेल्या मोसमासाठी पैसे का घालायचे होते? कारण १६२ ला ६० ने भागलं की २.७ येतात. २०२० ची प्रत्येक मॅच नेहमीच्या पावणेतीन मॅचेसच्या वजनाची होती. एरवी जूनमधली एखादी मॅच झोपेत गेली तर बिघडत नाही, त्या वर्षी आठवडा चुकला की संघाचं नशीब चुकलं. २०१९ चा विजेता वॉशिंग्टनच घ्या. ५० मॅचेसनंतर ते १९ जिंकून ३१ हरले होते, ६० नंतर २७-३३. सावरायला पुढे शंभरावर मॅचेस होत्या म्हणून वर्ल्ड सिरीज (विजेतेपदाची अंतिम मालिका) मिळाली. २०२० मध्ये तशी मुभा नव्हती, पण प्लेऑफमध्ये (साखळीनंतरच्या बाद फेरीत) १० ऐवजी १६ संघ जाणार होते, म्हणून दार रुंद होतं. सॅन डिएगो, मिलवॉकी, टेक्सस, टॅम्पा बे, कोलोरॅडो आणि सिएटल या सहा संघांनी तोवर वर्ल्ड सिरीज जिंकलेली नव्हती. सिएटल तर तिथवर पोहोचलाच नव्हता. यांच्यापैकी कुणाची बाजू घ्यायची तर तेच वर्ष होतं.

दुसरी आशा .४०० च्या सरासरीची, म्हणजे दहा प्रयत्नांत चारदा फटका मारून बेस गाठण्याची, होती. १९४१ मध्ये टेड विल्यम्सने .४०६ गाठली, त्यानंतर अमेरिकन आणि नॅशनल या मेजर लीगच्या दोन्ही विभागांत कुणालाच जमलं नाही. दर मॅचला ३.१ या हिशेबाने २०२० मध्ये १८६ वेळा बॅटिंगला आलं की खेळाडू सरासरीच्या शर्यतीत धरला जायचा, एरवी ५०२ लागतात. एवढ्या कमी संधींत कुणाचा हात लागून गेला असता तर नवल नव्हतं. त्या आकड्यापुढे तारांकन (छोट्या मोसमातला विक्रम अशी खूण) लावायचं की नाही, यावर भांडण झालंच असतं, आणि आमच्या मते लावायला नको होतं. साठ तर साठ, समोरचा पिचर तर खराच होता.

पैसे भरताना अडतं ते इथे. गावच्या बँकेचं साधं रुपे कार्ड चालत नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्ड लागतं, आणि त्यावर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेत अर्ज देऊन सुरू करावे लागतात. परदेशी साइटवर ओटीपी अनेकदा येतच नाही, पैसे थेट कटतात, घाबरू नका. रक्कम डॉलरमध्ये जाते आणि बँक वर चलनबदलाचा आकार लावते. काम झालं की आंतरराष्ट्रीय व्यवहार पुन्हा बंद करा. वर्गणीचं आपोआप नूतनीकरणही त्याच दिवशी बंद करून टाका, नाहीतर पुढच्या वर्षी पूर्ण मोसमाचे पैसे न विचारता जातील. आपल्या शहरच्या संघाची मॅच न दाखवणारा ‘ब्लॅकआउट’ अमेरिकेतल्या ग्राहकांची डोकेदुखी, आपल्याला ती नाही.

पाचात गुण द्यायचे तर व्हिडिओला अडीच, घरी वायफाय असेल तर चार. ऑडिओला साडेचार. अर्धा कापला तो बनावट गलक्यासाठी. २०२० ची साखळी २७ सप्टेंबरला संपली, आणि प्लेऑफ लागतात तेव्हा इकडे सोयाबीनची सोंगणी असते. इअरफोनची एक जादा जोडी आताच घेऊन ठेवा, मळणीयंत्राजवळ जुनी टिकत नाही.