भाड्याच्या गाडीवर वेरूळ-म्हैसमाळ: संभाजीनगरातल्या दुकानाचा अनुभव

वेरूळला टॅक्सी करू नका, दुचाकी घ्या. मी नांदेडचा. डॉर्मिटरीत भेटलेली एक कोल्हापूरची आणि दोघं चेन्नईचे, असे चौघं मिळून दोन गाड्या घेतल्या. स्टेशनजवळचं छोटं दुकान. भाडं दिवसाला पाचशे, वर अनामत. मूळ आधार कार्ड ठेवून घेत नाहीत, झेरॉक्सवर भागतं, हे मला लै आवडलं. नंबरप्लेट काळी, अक्षरं पिवळी. ही बघूनच गाडी घ्या. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्यानं घेतली अन् अपघात झाला तर विम्याचा वांधा होतो.

गाडी चढाला दमदार. दौलताबादच्या दिल्ली दरवाजातून रस्ता एवढा अरुंद, की चारचाकीवाले खोळंबलेले असताना आम्ही कडेनं निघालो. खुलताबादला भद्रा मारुतीचं दर्शन घेतलं, मग म्हैसमाळचा घाट. पावसाळ्यात तिथं ढग रस्त्यावरच उतरतात. चेन्नईवाल्यांना वाटायचं मराठवाडा म्हणजे नुसता दुष्काळ. ती हिरवळ बघून ते गप्पच झाले, अन् मला खरंच लै भारी वाटलं.

कैलास लेण्याला निदान दोन तास ठेवा. एकच खडक वरून खाली कोरत आणलाय, ते आधी कडेच्या डोंगरावर चढून बघा. मंगळवारी लेणी बंद.

उणं एवढंच: टाकीत पेट्रोल जेमतेम पंपापर्यंत, अन् मागच्याचं हेल्मेट ढिलं. बदलून मागा, देतात. अनामत संध्याकाळी कुरकुर न करता परत मिळाली. पाचपैकी चार.