बॉयलरचं प्रेशर रोज उतरायचं, शेवटी नीट बघणारा माणूस भेटला

लेस्टरला घर घेतल्यापासून कॉम्बी बॉयलरचं (हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही एकातच) प्रेशर रोज 1 बारच्या खाली, आणि मी आपला रोज सकाळी उठून पाणी भरतोय. आधी आलेल्याने तर कव्हरही न उघडता नवाच घ्या म्हणून सांगितलं! हा गॅस सेफवाला (ब्रिटनच्या गॅस सेफ यादीत नोंदणी असलेला गॅस मेकॅनिक) मात्र आधी घराबाहेर गेला, भिंतीतून आलेल्या तांब्याच्या पाइपला पिशवी बांधली आणि हीटिंग लावलं. 20 मिनिटांत काटा 3 वर, पिशवीत पाणी. म्हणे एक्सपान्शन व्हेसलमधली, म्हणजे फुगलेल्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीतली, हवा गेलीय, तापलेलं पाणी फुगून जाणार कुठे, सेफ्टी व्हॉल्व्हमधून त्या पाइपने बाहेरच. मग पाणी काढून पंपाने हवा भरली (पंप सायकलचाच वाटला मला), व्हॉल्व्ह बदलला. पैसे जरा जास्तच घेतले, पण 2 महिने झाले, थंड असताना काटा दीडवरच.