स्मार्ट घर : एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

लातूरला रिंग रोडच्या बाहेर आम्ही घर बांधलं आणि गेल्या दिवाळीत राहायला आलो. बांधतानाच ते 'स्मार्ट' करायचं ठरलं होतं, म्हणजे ह्यांचं ठरलं होतं. दिवे, पंखे, पडदे, कुलूप, टाकीचं पाणी, सगळं फोनवर. घर बघायला येणारा प्रत्येक जण "परवडलं का?" विचारतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी पाणी. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे शहर आहे. आमच्या भागात नळ रोज येत नाहीत. खाली हौद, वर टाकी, मागे बोअर. हौदात आणि टाकीत झाकणाला आतून सेन्सर बसवलेत. आवाजाच्या लहरी पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागतो, त्यावरून ते पातळी काढतात. ओट्याशेजारच्या छोट्या डिस्प्लेवर दोन आकडे दिसतात, बस्स. सासूबाई स्मार्टफोनला हात लावत नाहीत, पण सकाळी चहाआधी त्या आकड्यांकडे बघतात. "वर चाळीसच राहिलंय गं, आज मशीन लावू नको." टाकी भरली की मोटार आपोआप बंद होते, हौद तळाला गेला की चालूच होत नाही, त्यामुळे मोटार कोरडी फिरून जळायची भीती नाही. अख्ख्या घरात पैसा वसूल झालेली हीच एक गोष्ट, आणि खर्चाच्या यादीत ती सगळ्यात खाली होती!

तरी तिच्यातही भानगडी आहेतच. उन्हाळ्यात काळ्या टाकीत वाफ धरते, सेन्सरच्या तोंडावर थेंब जमतात आणि अर्धी टाकी शंभर टक्के दिसते. म्हणून जोडीला साधा फ्लोटही, म्हणजे पाण्यावर तरंगणारा स्विच, टाकून घेतला. दुसरं म्हणजे, बसवणाऱ्याने मोटारीला थेट 16 अँपिअरचा स्मार्ट स्विच लावला होता. मोटार चालू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. मे महिन्यात त्या स्विचच्या आतले पॉइंट चिकटले. ॲप म्हणतं मोटार बंद, आणि गच्चीवरून पाण्याची धार अंगणात. शेवटी मेन पाडला. आमच्या नेहमीच्या वायरमनने मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त करंट पेलणारा दणकट स्विच, टाकून दिला, आता मोटारीचा भार त्याच्यावर आणि स्विच फक्त त्याला इशारा देतो. तुमच्याकडे कोणी मोटारीला नुसता स्मार्ट स्विच लावत असेल तर तिथेच थांबवा.

आता दिवे. बेडरूममध्ये रंग बदलणारे स्मार्ट बल्ब घेतले होते. लाईट जाऊन परत आली की हे बल्ब पूर्ण उजेडात पेटतात, मग रात्रीचे तीन का वाजलेले असेनात. अवकाळीच्या दिवसांत आमची झोप याच बल्बांनी उडवली. ॲपच्या सेटिंगमध्ये 'आधी होतं तसंच ठेवा' असा पर्याय सापडला, तेव्हा कुठे शांतता झाली. त्यात पाहुणे येतात, सवयीने भिंतीवरचं बटण बंद करतात, की बल्ब ॲपमधून गायब. बल्ब साधाच घ्यावा आणि स्मार्टपणा स्विचबोर्डामागे बसवावा. म्हणजे बटणही चालतं, फोनही चालतो.

पण बोर्डामागे मॉड्यूल, म्हणजे स्मार्टपणाची छोटी डबी, बसवायचं तर तिथे न्यूट्रल (करंटची परतीची वायर) लागते आणि खोल डबा लागतो. खोल्यांमधल्या बोर्डात प्लगपिन असल्यामुळे न्यूट्रल सापडते. जिन्याच्या टू-वे बोर्डात ती नव्हती. तिथे बिनन्यूट्रलचं मॉड्यूल लावलं, तर एलईडी बंद केल्यावरही काजव्यागत मिणमिणायचा. हे सगळं प्लास्टरच्या आधी एक जादा वायर ओढली असती तर मिटलं असतं. आर्किटेक्टने थ्रीडीत पडद्यांचा रंगसुद्धा दाखवला होता, पण न्यूट्रलचा विषय कोणीच काढला नाही.

वायफायचीही तीच कथा. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंतींनी माणसं गाडली, तेव्हापासून आमच्याकडे घर म्हटलं की भक्कम स्लॅब आणि कॉलमच. ते योग्यच आहे. पण लोखंड भरलेल्या स्लॅबमधून खालचा राउटर वर पोचत नाही. आम्ही नंतर जिन्यातून उघडी केबल ओढली, ती दिसते आणि सासूबाईंना रोज खटकते.

जिन्यातला हालचाल ओळखणारा सेन्सर हिवाळ्यात झकास चालला. उन्हाळ्यात मात्र माणूस समोरून गेला तरी ढिम्म. तो भोवतालच्या आणि अंगाच्या उष्णतेतला फरक ओळखतो. आमच्या जिन्याच्या भिंती मे महिन्यात संध्याकाळीही अंगापेक्षा कमी तापलेल्या नसतात, मग तो तरी काय ओळखणार!

कुलूप फिंगरप्रिंटचं आहे. सासूबाईंचे ठसे घेत नाही, रेशन दुकानातही हीच तऱ्हा. मग त्यांना पिन दिला. दारात उभ्या राहून त्या तो मोठ्याने म्हणत दाबतात, त्यामुळे गल्लीतल्या पोरांनाही तो पाठ आहे. तसंही दिवसभर आमचं दार उघडंच असतं.

बोलून हुकूम द्यायच्या स्मार्ट स्पीकरला मराठी येत नाही, त्याच्याशी हिंदीत बोलावं लागतं. फोनवरचा गूगल असिस्टंट मराठी समजतो, तो 2018 पासूनच. पण पिठाच्या हाताने फोन कोण धरणार?

पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचे, घेतले, त्याबद्दल तक्रार शून्य. साधा पंखा 75 वॅटच्या आसपास खातो, हे 30-35 वर भागवतात. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर किती जास्त टिकतो हे लातूरच्या उन्हाळ्यातच कळतं. रिमोट सोफ्यात हरवतो, तेवढं चालायचंच.

पडद्यांच्या मोटारी सर्वात महाग आणि सर्वात बिनकामाच्या. त्या मोटारी बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटवरच्या संगणकावर, चालतात, म्हणजे घरचं नेट गेलं की पडदाही जागचा हलत नाही. अमेरिकेत 2022 च्या एप्रिलमध्ये स्मार्ट घराची उपकरणं विकणाऱ्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर काही न कळवता बंद पडले आणि लोकांची घरं एका फटक्यात मुकी झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'मॅटर' नावाचं मानक आलं. ॲपल, गूगल, ॲमेझॉन, सॅमसंग सगळे त्यात आहेत आणि उपकरणं घरातल्या घरात एकमेकांशी बोलू शकतात. आज घ्यायचं झालं तर मी खोक्यावर ते चिन्ह बघूनच घेईन.

औशाला भावाचं घर स्लॅबपर्यंत आलंय. त्याला म्हटलं, उपकरणं नंतर कधीही घे. आत्ता प्रत्येक बोर्डात न्यूट्रल ओढून घे, डबे खोल घे, दोन्ही मजल्यांवर लॅन केबलचा पाइप टाक, टाकीपासून ओट्यापर्यंत एक रिकामा पाइप सोड. अर्थिंग नीट कर, काळ्या मातीत उन्हाळ्यात खड्ड्याला पाणी घालावंच लागतं. मेन बोर्डात विजेच्या कडकडाटासाठी सर्ज प्रोटेक्टर बसव. आणि प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेव, म्हणजे कॅलेंडरचा खिळा नेमका पाइपात जाणार नाही.