घरी बसवायचं टर्बो किट: मॅनिफोल्ड उत्तम, ऑईल रिटर्नची नळी बदलाच

टर्बो म्हणजे इंजिनच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा. किटमधला मॅनिफोल्ड (धूर टर्बोपर्यंत नेणारा नळ) जाड, फ्लँज (बोल्टने जोडायची कडा) सपाट. इथवर किट पैसे वसूल. टर्बोतलं ऑईल इंजिनात परत नेणारी ऑईल रिटर्नची नळी मात्र फारच बारीक आहे. टर्बोतून ऑईल दाबाने नाही, स्वतःच्या वजनाने खाली येतं. म्हणून आतला व्यास किमान १३ मिमी हवा, उतार सलग हवा आणि संपमधलं (इंजिनखालच्या ऑईलच्या टाकीतलं) तोंड ऑईलच्या पातळीच्या वर. नाहीतर ऑईल तुंबून सीलमधून झिरपतं, निळा धूर येतो आणि चांगल्या टर्बोला दोष लागतो. ऑईल फ्लँजला सिलिकॉन लावू नका. तुकडा सुटून आत गेला की बेअरिंग संपलं. पहिल्या स्टार्टआधी इंधन फवारणारे इंजेक्टर बंद ठेवून ऑईल प्रेशर येईपर्यंत क्रँक करा, म्हणजे इंजिन नुसतं स्टार्टरने फिरवा. हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा वाईडबँड सेन्सर किटमध्ये नाही, तो घ्याच. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ट्यून होईपर्यंत बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) घेऊ नका, मिश्रण लीन झालं (हवेच्या मानाने इंधन कमी पडलं) तर पिस्टन वितळतो.