ट्रेकिंग पोल वर्षभर वापरून: जोडी उत्तम, रबरी टोपी टाकाऊ

कंपनीच्या कस्टमर केअरने परवा पुन्हा तेच सांगितलं: ट्रेकिंग पोलच्या टोकावर बसणारी रबरी टोपी वेगळी विकत मिळत नाही, नवी जोडी घ्या. माझे पोल शाबूत आहेत, लांबी पक्की करणारे खटके घट्ट बसतात, मुठीचा फोम कुठेही उखडलेला नाही. तळाच्या अंगठ्याएवढ्या रबरासाठी अडीच हजारांच्या आसपासची जोडी भंगारात घालायची? मला हे पटणार नाही, म्हणून वर्षभराचा अनुभव सविस्तर लिहिते आहे. वजन, धातू, किती भागांत आखडतात वगैरे माहिती सगळीकडे आहे, ती इथे उतरवून काढत नाही.

पोल का घेतले ते आधी सांगते, कारण धडधाकट माणसाला आणि मोडलेल्या पायाला यातलं वेगवेगळं महत्त्वाचं असतं. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचा पूर ओसरल्यावर बडोद्यात रस्तोरस्ती जो चिकट गाळ राहिला, त्यात माझी स्कूटर घसरली. टिबियल प्लाटो फ्रॅक्चर. नडगीच्या हाडाचा वरचा सपाट भाग, ज्याच्यावर गुडघा टेकतो, तोच खचला. प्लेट आणि स्क्रू घालून तो उचलून बसवला. ऑपरेशनपेक्षा नंतरची वाट बघणं जास्त अवघड गेलं. हाड भरेपर्यंत त्या पायावर भार द्यायचा नाही, आणि तेवढ्या काळात मांडीचा पुढचा स्नायू इतका वाळतो की आपला पाय आपल्याला ओळखू येत नाही. भार परत द्यायला शिकवताना फिजिओने घरचा वजनकाटा वापरला. वॉकर धरून उभं राहायचं, दुखरा पाय काट्यावर ठेवायचा आणि आकडा दहा किलोच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. दहा किलोंचा भार म्हणजे केवढा, हे पायाला कळायलाच वेळ लागतो. तो कळला की पंधरा, मग वीस. तिचा दुसरा नियम मी अजून पाळते: चालून आल्यावर गुडघा थोडा दुखला तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी याच वेळेपर्यंत दुखणं किंवा सूज पूर्ववत झाली नाही, तर पुढचं चालणं कमी करायचं.

माझं माहेर नाशिकचं. ब्रह्मगिरी, अंजनेरी हे घरामागचे डोंगर. लग्न होऊन बडोद्याला आल्यावर डोंगर म्हणजे पावागड, आणि चैत्रात नर्मदेची उत्तरवाहिनी परिक्रमा. हे दोन्ही बंद म्हणजे माझं अर्धं आयुष्य बंद. त्यामुळे डॉक्टरांनी आधाराशिवाय चालायला परवानगी दिली तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो पावागडचा. ते म्हणाले, चढायला हळूहळू हरकत नाही, उतरताना जपा. होळीच्या सुमाराला मी ही जोडी मागवली.

पहिले दोन महिने मी हिच्यावर नाराज होते. कमाटी बागेत सकाळी पोल घेऊन चालायचे. बाग 1879 पासूनची, रस्ते सपाट आणि सावलीचे. तिथे पोलांचा मला काडीचा उपयोग वाटला नाही. गुडघा हलका वाटत नव्हता, हात मात्र भरून यायचे. शिवाय झटके पचवायला म्हणून आत जी स्प्रिंग दिली आहे, ती प्रत्येक पावलाला किंचित दबते आणि नेमका तोल सावरायच्या क्षणी हाताखालचा आधार हलतो. पाय मोडलेल्या माणसाला हलणारा आधार नको असतो. माझ्या पोलमध्ये ती बंद करता येते, मी केली आणि पुन्हा कधी उघडली नाही. तेव्हा मी दोन तारे देऊन ठेवले होते. ते आता बदलले आहेत, आणि त्याचं कारण पावागडचा उतार.

पावागड सुमारे 800 मीटर उंच. माचीपर्यंत गाड्या जातात, तिथून वर रोपवे आहे, शिवाय पायऱ्या. थंडी पडल्यावर मी रोपवेने वर गेले, कालिकामातेचं दर्शन घेतलं आणि पायऱ्यांनी उतरले. चढण्याऐवजी उतरणं निवडलं, कारण परीक्षा उतारातच असते. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराचं वजन ब्रेकसारखं धरून ठेवतो, आणि वाळलेल्या मांडीला नेमकं तेच जमत नाही. मग सगळा दणका गुडघ्यात.

इथे पोलांनी काम केलं. दोन्ही टोकं खालच्या पायरीवर आधी, मग दुखरा पाय, मग चांगला. फिजिओकडे जिना उतरायला शिकवतात तोच क्रम, फक्त कठड्याच्या जागी दोन हात. काही पायऱ्यांनंतर लय सापडली आणि मला जाणवलं की पाय खाली टेकताना जो आतून ठणका लागायचा तो लागत नाहीये. घरी येऊन वाचलं तेव्हा याला आधार सापडला: 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 25 अंशांच्या उतारावर पोल वापरल्याने गुडघ्यावरचे भार 12 ते 25 टक्क्यांनी कमी झालेले मोजले होते. ते निरोगी माणसांवरचं मोजमाप आहे, माझ्यासारख्या प्लेटवाल्यांवरचं नाही. पण माझ्या गुडघ्याने त्या संध्याकाळी आपलं मत दिलं. दुसऱ्या दिवशी सूज नव्हती.

लांबीबद्दल थोडं, कारण दुकानात कोणी सांगत नाही. सपाटीवर कोपर काटकोनात यावं. सेंटिमीटरमधल्या उंचीला 0.68 ने गुणलं की साधारण तीच लांबी येते. माझी 105 आली. उतारावर मी 110 करते, नाहीतर खालच्या पायरीवर टोक टेकायला कमरेत वाकावं लागतं आणि वजन पुढे जातं. मनगटाच्या पट्ट्यात हात वरून खुपसायचा नाही, खालून वर घालायचा आणि मग पट्ट्यासकट मूठ धरायची. भार पट्ट्यावर येतो, बोटं मोकळी राहतात, हात भरून येणं थांबतं. बागेत माझे हात दुखत होते त्याचं निम्मं उत्तर या पट्ट्यात होतं.

खटक्याचं लॉक चांगलं आहे. भाचीच्या जोडीत पिळून घट्ट करायचं लॉक होतं, ते पावागडला भर उतारात सरकून पोल आखूड झाला. मोडलेला पाय असेल तर पिळायचं लॉक घेऊच नका.

आता टोपी. पोलच्या टोकाला कार्बाइडचा कठीण दाणा असतो. मातीत, मुरुमात तो छान रुततो. पण घासून गुळगुळीत झालेल्या दगडी पायरीवर, फरशीवर, सिमेंटवर तो धरत नाही, टकटक करतो आणि कधीकधी सर्रकन घसरतो. पावागड, गिरनार, कुठलंही देवस्थान घ्या, सगळीकडे पायऱ्या. म्हणजे आपल्याकडच्या माणसाला रबरी टोपी ही शोभेची जोडवस्तू नसून पोलचं खरं पाऊल आहे. धडधाकट माणूस टोक घसरलं तर सावरेल. माझ्यासारख्याचा सगळा भरवसा त्या क्षणी त्या टोकावर असतो.

आणि ही टोपी पावागडच्या दोन-तीन फेऱ्यांत तळाला भोक पडून बाद झाली. मला वाटलं झिजली असेल. आमच्या ह्यांनी ती पातीने उभी कापली, तेव्हा कारण दिसलं. बाहेरून रबर भरपूर शिल्लक होतं, कडांवरची नक्षीसुद्धा जागेवर होती. भोक आतून पडलं होतं. चांगल्या टोपीत तळाशी एक पातळ धातूची चकती बसवलेली असते, कार्बाइडचा दाणा त्या चकतीवर टेकतो. या टोपीत चकती नाहीच. नुसतं रबर. प्रत्येक पावलाला दाणा ते आतून कोरत गेला. दोन रुपयांची चकती वाचवून कंपनीने अख्ख्या वस्तूचा पाया कच्चा ठेवला आहे, आणि मला याचा राग आहे.

बॉक्समध्ये दुसरी जोडी आली होती ती लावली. त्यातली एक नर्मदेने घेतली. चैत्रात उत्तरवाहिनी परिक्रमेला रामपुऱ्याहून पहाटे निघालो. पश्चिमेला जाणारी नर्मदा इथे थोडं अंतर उत्तरेकडे वाहते, म्हणून महिनाभर माणसं लोटतात, त्यात मराठी बोलणारे भरपूर. काठावरची माती ओली आणि चिकट. पोल उपसून काढला की टोपी मागे राहते. तसं मी टोप्या खिशात ठेवूनच मातीतून चालत होते, पण तिलकवाड्याला जाणाऱ्या नावेसाठी घाटावर टोपी चढवली आणि उतरताना काठच्या चिखलात एक गेलीच. बरोबरच्या आजी बांबूचा दंड घेऊन चालत होत्या. त्यांच्या दंडाला ना टोपी, ना खटका, ना कस्टमर केअर. फक्त त्याची लांबी कमीजास्त होत नाही आणि दुसरा हात रिकामा राहतो. गुडघा ठीक असेल तर मी अजूनही दंडच घ्या म्हणेन. माझा गुडघा दोन हात मागतो. परिक्रमा पूर्ण झाली, दोन्ही काठ चालले, एवढं इथे लिहिताना मला फार आनंद होतो आहे.

परत आल्यावर कंपनीला फोन. टोपी वॉरंटीत येत नाही म्हणाले. मान्य, झिजणारी वस्तू आहे, मी फुकट मागतच नव्हते. पैसे घ्या आणि टोपी द्या म्हटलं. तर ती विक्रीला नाही. मेल केला, फोटो पाठवले, कापलेल्या टोपीचासुद्धा पाठवला. उत्तरात नव्या जोडीवर दहा टक्के सूट! मला सूट नको होती.

मेडिकलमध्ये काठीचं रबर बघितलं, ते फार ढिलं. शेवटी मांडवीजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात स्टूल-खुर्चीच्या पायाला लावतात ती रबरी टोपी मिळाली, अर्ध्या इंची पाइपची. दुकानदार म्हणाले, "बेन, आ तो खुरशी माटे छे, लाकडीमां नहीं चाले." मी दोन जोड्या घेतल्या, दहा रुपयाला एक. ह्यांनी प्रत्येकीच्या तळाशी स्टीलचा वॉशर टाकला, भोक दाण्यापेक्षा बारीक असलेला, आणि पोलच्या टोकाभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून टोपी ठोकून बसवली. चालते. बागेत, घरच्या जिन्यावर, कोरड्या फरशीवर मी तीच वापरते आणि कंपनीच्या टोपीपेक्षा ती जास्त टिकली आहे. पण तिचा तळ सपाट आहे. पोल तिरपा टेकला की फक्त कडच टेकते, आणि ओल्या पायरीवर मी तिच्यावर भार टाकणार नाही. तुम्हीही टाकू नका.

घेणाऱ्यांनी दुकानातच टोपी काढून आत बोट घालून बघावं, तळाशी धातू लागला पाहिजे. आणि टोप्या सुट्या मिळतात का हे पैसे देण्याआधी विचारावं. एक पोल घ्यावा की जोडी, असं मला बागेत बरेच जण विचारतात. सपाटीवर एक पुरतो, तो दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायचा. उतारासाठी जोडीच. पावसात वापरलात तर तिन्ही भाग सुटे करून वाळवा, ओले आखडून ठेवले तर ॲल्युमिनियम आतून धरतं आणि मग नळ्या निघत नाहीत. नळ्यांना तेल लावू नका, लॉक सरकतील.

सध्या चार तारे. डॉक्टरांनी दिवाळीनंतर गिरनारला हो म्हटलंय, अंबाजीपर्यंत रोपवे, पुढे दत्तपादुकांपर्यंत आणि परतीला पायऱ्या. तिथे खुर्चीच्या टोप्यांवर मी जाणार नाही. दुसऱ्या एका कंपनीच्या वॉशर असलेल्या टोप्या मागवल्या आहेत, आतला व्यास 11 मिलिमीटर. माझ्या पोलला नीट बसल्या आणि पावागडला टिकल्या, तर त्याप्रमाणे हा अभिप्राय बदलीन.