डॉटनेटचा डीआय कंटेनर: केळीच्या हंगामभर वापरल्यावर

सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याचं काट्यावरचं बिलिंग आम्ही जळगावहून सांभाळतो. कोड दुसऱ्यांनी लिहिलेला, डीआय कंटेनर (क्लासला लागणाऱ्या वस्तू बनवून हातात देणारा भाग) मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटसोबत येणारा. त्यात सिंगलटन म्हणून नोंदवलेली वस्तू सर्व्हर चालू असेपर्यंत एकच, स्कोप्ड एका रिक्वेस्टपुरती, ट्रान्झियंट मागाल तेव्हा नवी.

सकाळी नवा भाव भरला, डेटाबेसमध्ये नीट दिसतोय, पावतीवर मात्र जुना. काट्यावरून फोन: "भाऊ, हा तर कालचाच भाव दाखवून राह्यला." सर्व्हर रीस्टार्ट केला की बरोबर, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ट्रकमागे शेतकऱ्याचे पैसे चुकत होते.

भाव देणारी सर्व्हिस सिंगलटन होती आणि तिच्या कन्स्ट्रक्टरमध्ये डीबीकॉन्टेक्स्ट (डेटाबेसशी बोलणारी वस्तू), म्हणजे स्कोप्ड. एका रिक्वेस्टपुरता जगायचा, तो सर्व्हर बंद होईपर्यंत अडकला. आमच्याकडे भावाची ओळ एकच, रोज तीच बदलते. ईएफ कोअर (डीबीकॉन्टेक्स्ट ज्यातला, ती डेटाबेसची लायब्ररी) ट्रॅक केलेली, म्हणजे एकदा वाचून लक्षात ठेवलेली ओळ पुन्हा मागितली तरी हातातली जुनीच देतं.

संताप याचा, की कंटेनरला हे पकडता येतं. व्हॅलिडेटस्कोप्स चालू असेल तर सिंगलटनमध्ये स्कोप्ड घेऊच देत नाही, सरळ एरर. आधीच्यांना तो एरर आला असणार, कारण त्यांनी ती तपासणीच फॉल्स करून ठेवली होती. आणि प्रॉडक्शनमध्ये ती मुळातच बंद असते! जिथे पैसा हलतो तिथेच पहारा नाही. आता व्हॅलिडेटस्कोप्स आणि व्हॅलिडेटऑनबिल्ड (सुरू होतानाच नोंदी तपासणारं) दोन्ही आम्ही प्रॉडक्शनलाही ट्रू ठेवतो. वेगात फरक जाणवला नाही. फॅक्टरी लॅम्डाच्या (वस्तू कशी बनवायची ते सांगणाऱ्या, आपण लिहिलेल्या फंक्शनच्या) आत मात्र व्हॅलिडेटऑनबिल्डला दिसत नाही, ते डोळ्यांनीच वाचावं लागतं. भावाची सर्व्हिस स्कोप्ड केली, काटा सतत वाचणाऱ्या बॅकग्राउंड सर्व्हिसमध्ये आयसर्व्हिसस्कोपफॅक्टरीने दर वेळी नवा स्कोप.

तेव्हा कंटेनर काढून सगळं हाताने न्यू करायचं, म्हणजे प्रत्येक वस्तू कोडमध्ये आपणच बनवायची, असं मी ठरवलंही होतं. मग व्यापाऱ्याने दुसरा काटा बसवला, वेगळ्या कंपनीचा, सिरियल पोर्टवर वजन वेगळ्याच फॉरमॅटमध्ये पाठवणारा. काट्याचा इंटरफेस (कुठल्याही काट्याच्या क्लासने काय द्यायचं त्याचा करार) आधीपासून होता. नवा क्लास लिहिला, एका ओळीत नोंदवला, बिलिंगला हात लावला नाही. त्याच इंटरफेसवर खोटा काटाही केला, त्यामुळे टेस्टिंगसाठी सावद्याला गाडी काढायची वेळ येत नाही. डिझेलचे एवढे पैसे वाचल्यावर माझं मत फिरलं.

पण प्रत्येक क्लासला एकेक इंटरफेस? ते आम्ही काढतोय. पावती छापणारा क्लास एकच आहे, तो नुसता नोंदवला तरी कंटेनर देतो. दोन काटे नावाने वेगळे मागायला बाहेरचा कंटेनरही लागला नाही. २०२३ च्या डॉटनेट ८ पासून कीड (keyed, म्हणजे नावाने नोंदवलेल्या) सर्व्हिसेस त्यातच आहेत.